आत अकरा, बाहेर दहा

४ एप्रिल

प्रिय आत्या,

वाकून नमस्कार करायची सोय नाही. पायाशी मोहरी सांडलीय आणि मी वाकले की ती आणखी पसरणार. तेव्हा खुर्चीतूनच घे.

तुझ्या खारूताईला अखेर विज्ञानाचं पुस्तक मिळालं! वर्षभर आमच्या ब्रेल छापखान्यात मी गोष्टींच्या पुस्तकांतली चित्रं करत होते. हत्ती, होडी, घर, परत हत्ती. आता नववीचं ‘अणूची ओळख’, नऊच्या नऊ तक्ते माझ्या एकटीकडे. व्यवस्थापकबाई म्हणाल्या, हे नीट पार पडलं तर तुला कायम करू आणि पुढची विज्ञानाची सगळी पुस्तकं तुझ्याकडे. नाही पडलं तर काय, असं विचारलं तर चष्मा पुसत राहिल्या.

प्रत्येक तक्त्यावर त्या विषयाच्या शिक्षकाची सही लागते. मी तुझं नाव दिलं. चौतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेली आत्या घरचीच असताना मी दारोदार कशाला फिरू? आणि मी इतिहासवाली, मला अणूतलं कप्पाळ कळतं! फोनवर सांगितलेलं तू विसरतेस असं तूच म्हणतेस, म्हणून सगळं कागदावर लिहितेय.

काम असं असतं. जाड पुठ्ठ्यावर दोऱ्याची वर्तुळं चिकटवायची. मध्यभागी काचेचे मणी, ते प्रोटॉन. दोऱ्यावर मोहरीचे दाणे, ते इलेक्ट्रॉन. हा झाला साचा. त्यावर प्लॅस्टिकचा पातळ कागद ठेवून यंत्रात तापवायचा, यंत्र खालून हवा ओढतं आणि कागद साच्यावर घट्ट बसतो. उचलला की सगळे उंचवटे त्यावर आलेले असतात आणि मुलं ते बोटांनी वाचतात. न्यूट्रॉन तू म्हणालीस तसे वगळलेत, नाहीतर मधे नुसतं वारूळ झालं असतं. सोडियमच्या अणूत आत अकरा मणी, बाहेर अकरा दाणे. ठीक ना?

पान उलट, खरी अडचण मागे आहे.

सहावा तक्ता, ‘सोडियमचा आयन’. मूळ पुस्तकातलं चित्र बोटाच्या पेराएवढं, मधे ठिपक्यांची नुसती गिचमीड. म्हणून आतला भाग मी सोडियमच्या अणूवरूनच उतरवला, अकरा मणी. बाहेरचे दाणे मात्र चित्रात स्पष्ट मोजता येतात, ते दहाच आहेत. आता पाठात तर ठळक अक्षरांत लिहिलंय की अणूत दोन्ही सारखे असतात. मोहरी गळणं हा आमचा रोजचा ताप, म्हणून भिंगाखाली दोरा तपासला. कुठेही डिंकाचा रिकामा डाग नाही. म्हणजे दाणा गळलेला नाही, मणीच माझ्याकडून एक जास्त पडला. चिमट्यानं काढून टाकला. आता आत दहा, बाहेर दहा. बरोबर केलं ना? एवढ्याचं उत्तर नक्की दे, वीस तारखेला साचे सगळ्या प्रती काढायला यंत्रावर चढणार. नऊही तक्त्यांची एकेक नमुना प्रत काढून सोबत पाठवतेय.

तुझी,
खारूताई


१५ एप्रिल

प्रिय खारूताई,

पार्सल पोचलं. दोरी कुठल्या जहाजावरून आणलीस? सोडवताना दोन नखं गेली. आणि शाई वापरायची तर शाई वापर, त्यात पाणी कशाला घालतेस? माझ्या विद्यार्थ्यांनी असा पेपर लिहिला असता तर कोरा म्हणून शून्य दिलं असतं. पुढच्या वेळी काळं लिही आणि मोठं लिही. कागद काही महाग झाला नाही.

मोहरीची युक्ती मला फार आवडली. वर्गात इतकी वर्षं मी फळ्यावर वर्तुळं काढली आणि पोरांनी ती वहीत उतरवून घेतली, पण अणूला हात कुणी लावला नव्हता. तुझ्या मुलांना तो लावायला मिळणार. एवढं लक्षात ठेवलंस की झालं, मधे प्रोटॉन, भोवती इलेक्ट्रॉन, आत जितके तितकेच बाहेर. तू ते छान सांभाळलंयस.

तक्ते पाहिले. सगळं बरोबर आहे. ‘तपासलं’ असं लिहून सही केलेला कागद सोबत आहे, तो तुझ्या व्यवस्थापकबाईंच्या टेबलावर आपट आणि कायमच्या नोकरीचा कागद घेऊन ये.

तुझ्या बाबांना सांग की मी ठणठणीत आहे. रोज सकाळी फोन करून ‘ताई, बरी आहेस ना’ विचारतात, जणू काल मला काही होणार होतं आणि ते राहून गेलं.

तुझी,
आत्या


२ मे

प्रिय आत्या,

(ही सगळ्यात काळी शाई आहे, शिवाय प्रत्येक अक्षर वाटाण्याएवढं. आता तक्रार केलीस तर पाटीवर लिहून पाठवीन.)

पुस्तक गेलं! चाळीस शाळांत. तुझी सही पाहून व्यवस्थापकबाई म्हणाल्या, ‘अशी माणसं मिळत नाहीत हो.’ मी अशी काही ऐटीत मान हलवली की तुला घडवण्यात माझाच हात असावा. सहाव्या तक्त्याची धाकधूक होती, पण तू लिहिलंस ‘आत जितके तितकेच बाहेर’, आणि जीव भांड्यात पडला.

आता थोडं भांडण. तुझ्या ओळी चढावर का जातात? डावीकडे खाली सुरू होतात आणि उजवीकडे डोंगरमाथ्याला. बाबांनी तुझं पत्र उजेडात धरून बराच वेळ पाहिलं. त्यांच्या ऑफिसातले काका तिकडे आले होते, ते तुला बाजारात भेटले म्हणे. त्यांनी नमस्कार केला, आणि तू म्हणालीस, ‘दोन किलो द्या, पण कालचे नकोत.’ मी हसून हसून लोळले. बाबा हसले नाहीत. ‘ताईला आता इकडेच आणू या, मागची खोली रिकामी आहे,’ म्हणाले.

डोळे तपासून घे ना एकदा. चष्म्याचा नंबर वाढला असेल.

तुझी,
खारूताई


२० मे

प्रिय खारूताई,

हे अक्षर माझं नाही, खालच्या मजल्यावरच्या शिवणवालीचं आहे. माझं मनगट मुरगळलंय. विशेष काही नाही.

त्या काकांच्या हातात टोपली होती. टोपली धरून रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या माणसाला मी काय समजायचं, न्यायाधीश? त्यात हसण्यासारखं काही नाही, आणि बाबांनी काळजी करण्यासारखं तर त्याहून नाही.

मागच्या खोलीचं ऐक. ती रिकामी नाही. तिथे तुमचे दोन मोडके पंखे, एक शिवण उसवलेला कोच आणि तुझा तुटका झोपाळा आहे. त्यांच्या रांगेत मला बसायचं नाही. इथे माझा जिना आहे, अठरा पायऱ्या, मधे वळण. खिडकीखाली माझं टेबल आहे. तुझे बाबा मायेचे आहेत, पण त्यांच्या मायेत माणूस उचलला जातो आणि एका जागी ठेवला जातो. मला माझ्या घरात राहायचं आहे. हे मी एकदाच सांगतेय आणि तू त्यांना हवं तितक्यांदा सांग.

(बाईंचं मनगट मला तरी चांगलंच दिसतं. काल भरलेली बादली वर नेली त्यांनी. – शिवणवाली)

हे काय लिहितेस गं? काय लिहिलंस? खोड ते.

तुझी,
आत्या


८ जुलै

आत्या,

फोन करणार होते, पण तुझा आवाज ऐकला असता तर रडूच फुटलं असतं, म्हणून लिहितेय.

छापखान्यात एक पत्र आलं, ब्रेलमधलं. एका शाळेतल्या नववीच्या मुलीचं. मी ते जसंच्या तसं उतरवते.

‘महोदय, तुमच्या पुस्तकातल्या सहाव्या तक्त्यावर सोडियमचा आयन असं लिहिलं आहे. मी आतले उंचवटे मोजले. ते दहा आहेत. अणुक्रमांक म्हणजे प्रोटॉनची संख्या, असं मागच्याच पानावर आहे. दहा म्हणजे निऑन. मी वर्गात तसं सांगितलं. सरांच्या पुस्तकात छापील चित्र आहे, ते म्हणाले हा सोडियम आहे, तुझी बोटं चुकली. सगळे हसले. मी आणखी चार वेळा मोजले. माझी बोटं चुकत नाहीत. कृपया तुमचा साचा मोजावा.’

आम्ही मोजला. दहा.

मग मी सरळ वाचनालयात गेले आणि आधी जे करायला हवं होतं ते केलं, पुस्तक उघडून वाचलं. आयन म्हणजे ज्यानं इलेक्ट्रॉन दिलाय किंवा घेतलाय तो. सोडियमनं बाहेरचा एक दिला, म्हणून बाहेर दहा. आत मात्र अकराच राहायला हवे होते. मी चिमट्यानं अकरावा काढला आणि चाळीस शाळांतल्या मुलांना निऑन दिला, वर नाव सोडियमचं.

व्यवस्थापकबाईंनी विचारलं, हे तपासलं कोणी? मी म्हटलं, चूक माझी आहे. तुझ्या सहीबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्यांनी महिनाअखेरीस निर्णय सांगते म्हटलंय, आणि तो काय असेल हे मला त्यांच्या चष्म्याकडे बघूनच कळलं.

नोकरीचं सोड. ती मुलगी वर्गात एकटी बरोबर होती आणि सगळे तिला हसले, ते मला सहन होत नाही. आणि आत्या, खरं सांगू? मी तुला विचारलं होतं. मागच्या पानावर स्पष्ट विचारलं होतं. तू एकदाही नाही का मोजलंस?

खारूताई


१४ जुलै

खारूताई,

लिहितेय शिवणवालीच. तिला बजावलंय की मी बोलेन ते शब्दाला शब्द उतरवायचं, कंस नकोत.

माझ्या मनगटाला काही झालेलं नाही. कधीच झालं नव्हतं. माझे डोळे गेलेत.

पूर्ण नाही, मधले गेलेत. ज्याच्याकडे बघायला जावं तिथे राखाडी डाग येतो आणि कडेकडेचं अंधुक दिसत राहतं. समोरच्याचे कान दिसतात, चेहरा नाही. दीड वर्ष झालं. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की तुझे बाबा येणार आणि मला त्या मागच्या खोलीत नेऊन ठेवणार, हे मला माहीत होतं.

तुझं पत्र शिवणवालीनं वाचून दाखवलं. मग मी तिला कपाटातून एप्रिलचं पत्र काढायला लावलं. ती वाचत गेली. ‘पान उलट’ असं आलं आणि तिनं पान उलटलं.

मी नव्हतं उलटलं, पोरी. पहिलंच पान भिंगानं कडेकडेनं लावायला मला अख्खी सकाळ लागली होती. ‘पान उलट’पर्यंत मी पोचलेच नाही. सोडियमच्या अणूत अकरा आणि अकरा, ठीक ना, असं विचारलंस तिथे थांबले आणि त्याचं उत्तर दिलं. तक्ते हातात धरले तेव्हा फिकट प्लॅस्टिकवर कडेची वर्तुळं कशीबशी दिसली, मधे माझा डाग. म्हटलं, पोरगी नीटनेटकी आहे, आतलं बरोबरच असणार. आणि ‘तपासलं’ लिहून सही ठोकली.

चौतीस वर्षं प्रयोगशाळेत पोरांना दम दिला, न बघता निरीक्षण लिहिलंत तर वही फाडीन. दोघांच्या फाडल्याही. आता मी तेच केलं आणि हसं झालं त्या मुलीचं. मला लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

एप्रिलमध्ये जे उत्तर द्यायचं होतं ते आता देते. उशीर झालाय, तरी तो तुझा हक्क आहे. आत जितके तितकेच बाहेर, हे खरं, पण अणूवर भार नसतो तेव्हाच. बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची देवघेव चालूच असते. मिठाच्या डबीतला सगळा सोडियम एकेक इलेक्ट्रॉन देऊन बसलाय, आणि तरी तो सोडियमच आहे. आपण मोजताना बाहेरचे मोजून नाव ठेवायचं नाही. अणुक्रमांक आतल्यांचा. तू मोहरीचा एक दाणा जास्त लावला असतास तर नुसता आयनचा अणू झाला असता, सोडियम सोडियमच राहिला असता. तू मणी काढलास. तुझ्या चिमट्यानं जे झालं ते माझ्या प्रयोगशाळेतल्या कुठल्याही बाटलीतून झालं नसतं. तिथे आम्ही सगळी उलथापालथ बाहेरच्यांचीच करतो, आतल्याला धक्का लागत नाही.

पण मणी काढताना तू दोरा तपासलास, डाग शोधलास, विचार केलास आणि शंका आली म्हणून विचारलंस. तुझं काम तू केलंस. माझं मी केलं नाही.

सोबत व्यवस्थापकबाईंना पत्र आहे. हे सगळं त्यात लिहिलंय. तू ते दडपलंस तर मी स्वतः तिथे येईन, आणि मला रस्ता दिसत नाही, तेव्हा विचार कर. बाबांनाही आजच वेगळं पत्र टाकलं. ते बॅगा घेऊन येतील. तुझी नोकरी राहिली तर माझं घर गेलं तरी चालेल, असं सांगणार होते. पण ते खरं नाही. मला फार वाईट वाटेल. तरी कळवलंय.

तुझी,
आत्या

(कंस नको म्हणाल्या तरी लिहिते. पत्र सांगताना बाई दोनदा थांबल्या. मी पाणी दिलं. – शिवणवाली)


३० जुलै

आत्या,

तीन दिवस मी तुझ्यावर इतकी चिडले होते की तुझं पत्र डब्यात घालून झाकण लावलं. चूक झाली म्हणून नाही. दीड वर्ष तू एकटी त्या डागासमोर बसलीस आणि मला शाईवरून बोलत राहिलीस म्हणून. आणि मी काय केलं? तुझ्या चढावरच्या ओळींची चेष्टा. काकांच्या टोपलीवर लोळून हसले. चौथ्या दिवशी डबा उघडला आणि खूप रडले. आता बरी आहे. तुझ्यावरचा थोडा राग शिल्लक आहे, तो भेटीत काढीन.

तुझं पत्र व्यवस्थापकबाईंनी दोनदा वाचलं. मला वाटलं, आता चष्मा निघणार. निघाला नाही. त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं आणि विचारलं, ‘आपल्याकडे तक्ता बाहेर पडण्यापूर्वी त्याला बोटं कोण लावतं?’

कोणीच नाही. मी डोळ्यांनी बघते. यंत्रावरचा माणूस डोळ्यांनी बघतो. शिक्षक डोळ्यांनी बघतात. बोटांचं पुस्तक आम्ही आजवर सगळे डोळ्यांनीच तपासत आलोय, आत्या! त्या मुलीनं पहिल्याच फटक्यात पकडलं, कारण ती वाचत होती आणि आम्ही नुसते बघत होतो. तुझे डोळे धडधाकट असते तरी फिकटावर फिकट मणी तू किती मोजले असतेस कोण जाणे. याचा अर्थ तू सुटलीस असा नाही हं.

मला काढलेलं नाही. कायमही केलेलं नाही. आणखी सहा महिने बघणार. मला ते पटलं. चाळीस शाळांना नवा सहावा तक्ता जाईल. त्या मुलीला उत्तर गेलं, व्यवस्थापकबाईंच्या सहीचं, ‘तुमची बोटं बरोबर होती, आमचा साचा चुकीचा होता’. आणि सरांना वेगळं लिहिलं की हे वर्गात मोठ्यानं वाचून दाखवावं. मी फक्त एक ओळ घालायला लावली, ‘चूक शोधल्याबद्दल आम्ही आभारी आहोत आणि हसणाऱ्यांनीही एकदा मोजून पाहावं’. बाईंनी दुसरा अर्धा भाग खोडला.

यापुढे दर तक्त्याला दोन सह्या, एक विषय जाणणाऱ्याची, एक बोटांनी वाचणाऱ्याची. दोन्ही एकातच असणारं माणूस मिळालं तर सोन्याहून पिवळं, असं बाई म्हणाल्या. तुझं नाव दिलेलं नाही. आधी शीक, मग बघू. नवा सहावा तक्ता पाठवतेय, दोरी साधी बांधलीय. त्यात किती मणी आहेत ते मी लिहिणार नाही.

बाबा रविवारी निघताहेत. तीन रिकाम्या बॅगा घेतल्यात. मी त्यांना खूप समजावलं. ते म्हणाले, ‘ताई पडली तर?’ याचं उत्तर तुलाच द्यावं लागेल.

तुझी,
खारूताई


१९ ऑगस्ट

प्रिय खारूताई,

हे माझं अक्षर आहे. ओळी सरळ आहेत की नाही ते सांग. शिवणवालीनं पुठ्ठ्याला ओळीएवढ्या खाचा पाडून दिल्या, तो कागदावर ठेवायचा आणि खाचेतच लिहायचं. चढ संपला.

तुझे बाबा आले. तीनही बॅगा दारातच उभ्या केल्या, जणू त्याच मला घ्यायला आल्या होत्या. मग गॅसची बटणं तपासली, गालिचा गुंडाळून ठेवला, पायऱ्या मोजल्या आणि सतरा भरल्या म्हणाले. अठरा आहेत. मी त्यांना परत खाली पाठवलं. तिसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. मधलं परत येणार नाही, कडेचं बहुधा राहील. बाहेर आल्यावर बाबा रस्त्यातच रडायला लागले आणि मला त्यांना हाताला धरून घरी आणावं लागलं. मला रस्ता पाठ आहे, म्हणून बरं.

डॉक्टरांनीच एका ब्रेल शिक्षकांचा पत्ता दिला. ते आठवड्यातून दोनदा येतात. जन्मापासून अंध, वयानं माझ्या विद्यार्थ्यांएवढे, आणि भारी कडक. ‘बाई, दाबू नका, बोट फिरवा. दाबलं की मुंग्या येतात, वाचता येत नाही.’ काल म्हणाले, ‘तुम्ही घाई करता आणि अंदाजानं पुढचं ठोकून देता.’ त्यांना माझा जुना रोग चांगलाच कळलेला दिसतो.

तुझा तक्ता आला तेव्हा बाबा समोर बसले होते. म्हणाले, मी मोजून सांगू का? म्हटलं, डोळे मिटून मोजत असशील तर मोज. त्यांनी मिटले. आत चौदा निघाले. म्हटलं, छान, चौदा म्हणजे सिलिकॉन, तू वाळू केलीस. मग मी बसले. पहिल्यांदा नऊ लागले. दुसऱ्यांदा बारा, कारण एक मणी दोनदा मोजला. मग शिक्षकांनी सांगितलं तसं डाव्या हाताचं बोट पहिल्या मण्यावर खूण म्हणून ठेवलं आणि उजव्यानं सावकाश फिरत गेले. अकरा लागले. परत मोजले, अकरा. सकाळ गेली, पण या वेळी पान उलटलं. मागे तू ब्रेलमध्ये काहीतरी लिहिलंयस. त्यातलं ‘आत्या’ एवढंच लागलं. बाकीचं पुढच्या आठवड्यात लागेल, कुणी वाचून दाखवायचं नाही.

संध्याकाळी बाबा बॅगा घेऊन समोर उभे राहिले. म्हणाले, ‘ताई, खरं सांग. तुझं आता आधीसारखं राहिलंय का?’

मी म्हटलं, ‘नाही. बाहेरचं एक गेलंय, ते परत येणार नाही. आता माझी चूक तू करू नकोस. आतले मोज आणि मग मला कुठे न्यायचं ते ठरव.’

मग एक बॅग त्यांनी आपले स्वतःचे कपडे ठेवायला उघडली. महिनाअखेरपर्यंत राहणार आहेत. रोज जिन्याला नवा कठडा लावायचा म्हणतात आणि रोज माप चुकतात. पण मागच्या खोलीचं नाव काढत नाहीत. तिथला झोपाळा दुरुस्त करून ठेव, मी येईन तेव्हा बसेन आणि चार दिवसांनी माझ्या घरी परत येईन.

त्या मुलीला माझं नाव आणि चूक दोन्ही कळव. तिनं उत्तर दिलं तर मला थेट ब्रेलमध्येच पाठवायला सांग.

सहीचा कागद या वेळी वेगळा नाही, खालीच करते.

सहावा तक्ता. आत अकरा, बाहेर दहा. सोडियमच आहे. पाठवून दे.

तपासलं, बोटांनी.
आत्या